खाडीतील जीव मोजायचे कसे?

कोपरीच्या खाडीकाठी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, की पहिल्या पाच मिनिटांतच एक प्रश्न हमखास येतो : "इथे एकूण किती प्रकारचे जीव राहतात?" प्रश्न साधा आहे. समोर चिखल आहे, तिवरांची झाडी आहे, चार-दोन बगळे उभे आहेत. मोजून टाकावेत, झाले! पण मोजायला बसले म्हणजे ध्यानात येते, की हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्तर जेवढे खाडीवर अवलंबून आहे, तेवढेच ते मोजणाऱ्यावरही अवलंबून आहे. या लेखात आपण हाच प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहू. शाळेतील मुलांना या कामात काय करता येईल, तेही पाहू.

एक यादी आणि एक कोडे

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची आहे. दक्षिणेला ती मुंबईच्या बंदरात रुंद होऊन मिळते. उत्तरेला ती अरुंद होत जाते आणि एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे. कोपरी म्हणजे ठाणे पूर्व. रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्यामध्ये वसलेला हा भाग खाडीच्या या अरुंद टोकाकडे येतो. मीठबंदर हे येथील नावच सांगते, की एके काळी या काठाचा मिठाशी संबंध होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यानचा पट्टा 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून घोषित केला. त्याचे क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर असून त्यातील ८९६ हेक्टर खारफुटी आणि बाकीचा भाग पाण्याचा आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत झाल्याचे जाहीर झाले. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेले हे राज्यातील तिसरे ठिकाण.

त्या वेळी केंद्र शासनाने खाडीतील जीवांची जी आकडेवारी दिली, ती फळ्यावर लिहून मुलांना दाखवण्याजोगी आहे. पक्षी २०२ जाती. फुलपाखरे ५९. इतर कीटक ६७. वनस्पती-प्लवक ३५, प्राणी-प्लवक २४. तळाच्या गाळात राहणारे जीव २३. आणि मासे, कवचधारी (म्हणजे खेकडे, कोळंबी वगैरे) व मृदुकाय (म्हणजे शंख-शिंपल्यांतील प्राणी) असे तिन्ही गट मिळून १८.

आता येथे थांबून विचार करा. ही खाडी आहे. खारे पाणी आणि चिखल हेच तिचे अंग. मग पक्ष्यांच्या २०२ जाती आणि मासे, खेकडे, शिंपले मिळून फक्त १८? फुलपाखरेसुद्धा त्यांच्या तिपटीहून अधिक? जवळच्या कोळीवाड्यात जाऊन विचारले, तर बोय, शिंगाळी, जिताडा, निवटी, चिंबोरी, कोळंबी, कालवे, तिसऱ्या अशी नावे न अडखळता ऐकायला मिळतात. यातील एकेका नावाखाली अनेकदा एकाहून अधिक जाती असतात. म्हणजे १८ हा आकडा खाडीतील खऱ्या संख्येपेक्षा कमी असणार, असे मानायला भरपूर जागा आहे.

मग यादी खोटी आहे का? नाही. यादी खरीच आहे, पण ती 'खाडीत काय आहे' हे सांगत नसून 'खाडीत आजवर काय पाहून नोंदले गेले' हे सांगते. पक्षी दिवसा दिसतो, दुर्बिणीतून ओळखता येतो, त्याची चित्रांसह पुस्तके मिळतात आणि हौशी निरीक्षकांची तर मुंबई-ठाण्यात कमतरता नाही. उलट चिखलातील बोटभर कृमी ओळखायचा तर गाळ खणून आणावा लागतो, चाळावा लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसावे लागते. तेवढे करणारे लोक थोडे. त्यामुळे यादीत पक्षी वाढतात आणि कृमी मागे राहतात.

यातून सर्वेक्षणाचा पहिला नियम मिळतो : जातींची संख्या कधीही एकटी सांगू नये. ती किती माणसांनी, किती वेळ, कोठे, कोणत्या साधनांनी शोधून मिळाली, हे तिच्याबरोबर सांगावे. या सगळ्याला आपण 'प्रयत्न' म्हणू. प्रयत्नाची नोंद नसेल, तर दोन याद्यांची तुलना करता येत नाही. गेल्या वर्षी ४० जाती दिसल्या आणि यंदा ३० दिसल्या, म्हणून दहा जाती नाहीशा झाल्या असे म्हणता येईल का? गेल्या वर्षी सहा जण चार तास फिरले असतील आणि यंदा दोघे जण एक तास, तर मुळीच नाही.

केव्हा पाहावे? तिथीची पाऊणपट

खाडीवर वेळेला फार महत्त्व आहे. एकच जागा भरतीला तलाव असते आणि ओहोटीला चिखलाचे मैदान. भरतीच्या वेळी गेलेला माणूस 'येथे चिखलातील प्राणी नाहीत' असे लिहून येईल आणि ते खरे नसेल.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकण किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणून दुपारी (आणि पहाटे) तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा नियम का चालतो, ते वर्गात सहज समजावता येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर बाराच्या आसपास भरती असते. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला हा फरक चालण्यासारखा आहे. कोपरी खाडीच्या वरच्या टोकाकडे असल्यामुळे समुद्राकडील भागापेक्षा येथे भरती थोडी उशिरा पोचते, हेही लक्षात ठेवावे. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी छापील कोष्टकाशी वेळ ताडून पाहावी.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. आता मुलांना विचारा : सकाळच्या शाळेच्या वेळेत, आठ-नऊच्या सुमारास ओहोटी हवी असेल, तर कोणती तिथी निवडाल? उत्तर आहे तृतीया किंवा चतुर्थी. त्या सुमारास उधाणाचा जोरही पुरता ओसरलेला नसतो, त्यामुळे चिखल चांगला उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

पक्षी मोजायचे असतील, तर ओहोटीनंतर पाणी परत चढू लागते ती वेळ बरी. चिखलाचा उघडा पट्टा अरुंद होत जातो आणि दूरवर पांगलेले पक्षी काठाजवळ एकत्र येतात.

काय आणि कसे मोजावे?

झाडांपासून सुरुवात करू. ठाणे खाडीच्या काठावर सर्वांत अधिक दिसणारे झाड म्हणजे तिवर, अ‍ॅव्हिसेनिया मरीना. त्याच्या पानांवरील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. संशोधक खारफुटीत दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखतात, त्यातील प्रत्येक झाडाची जात लिहितात आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, खोडाचा घेर मोजतात. रोपांसाठी त्याच चौकोनात लहान चौकोन घेतात. रोपे मोजणे महत्त्वाचे आहे. मोठी झाडे भरपूर आणि रोपे जवळजवळ नाहीत, असे आढळले, तर आज हिरवी दिसणारी झाडी उद्याचे काय करणार, हा प्रश्न उभा राहतो. नुसत्या जातींच्या यादीतून हे कळत नाही.

चिखलातील प्राण्यांसाठी ठरावीक मापाचा गाळ खणून तो अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून धुतात. जाळीवर राहिलेले कृमी, लहान शिंपले, गोगलगाई वेगळे करून ओळखतात व मोजतात. कोपरीजवळच, ठाण्याच्या चेंदणी बंदर रस्त्यावर असलेल्या बा. ना. बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील अभ्यासकांनी १९९० च्या दशकात खाडीतील गाळाचा आणि त्यातील जीवांचा अभ्यास केला होता. अशा जुन्या नोंदींचे मोल फार आहे, कारण आजची स्थिती बदलली की नाही, हे ताडून पाहायला त्यांच्याशिवाय दुसरे साधन नाही.

शाळेतील मुलांनी चिखलात उतरायचे नाही, हे पहिल्यांदाच सांगून ठेवू. पण बांधावर उभे राहूनही खेकड्यांची बिळे मोजता येतात. एक मीटर लांब-रुंद प्लॅस्टिकच्या पाइपची चौकट करा, दोरीने ती काठालगतच्या चिखलावर सोडा आणि वरून छायाचित्र घ्या. शाळेत येऊन छायाचित्रावर बिळे मोजा. दर वेळी त्याच पाच जागा घ्या. ज्या नर खेकड्याची एक नांगी भलीमोठी असते, तो ती हलवताना ओहोटीच्या वेळी दिसतो. निवटी हा चिखलावर सरपटणारा मासाही त्याच वेळी बाहेर असतो.

पक्ष्यांचा थवा मोजायचा तर एकेक मोजणे शक्य नसते. त्यासाठी थव्यातील दहा पक्षी मोजतात, ते दहा केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवतात आणि तशा किती 'दहा' संपूर्ण थव्यात बसतील ते पाहतात. मोठ्या थव्याला शंभरांचे गट करतात. याची तालीम वर्गात करता येते. वर्तमानपत्रावर मूठभर हरभरे टाका. दहा सेकंद पाहू द्या. प्रत्येकाला अंदाज लिहायला सांगा. मग खरोखर मोजा. कोण किती चुकला, आणि कमी सांगणारे अधिक की जास्त सांगणारे अधिक, हे प्रत्येकाने पाहावे. आपली चूक माहीत असणे हीसुद्धा शास्त्रीय माहितीच आहे.

काही प्राणी दिसतच नाहीत. मुंबई-ठाण्याच्या खारफुटीत कोल्हा आहे, हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण तो बहुधा रात्री फिरतो. चिखलातील पायांचे ठसे आणि विष्ठा यांवरून त्याचा वावर कळतो. ठशाजवळ मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. ठसा कुत्र्याचा की कोल्ह्याचा, याचा निर्णय जाणकारावर सोडावा.

शून्य लिहायला शिकणे

मुले वहीत जे दिसले ते उत्साहाने लिहितात. जे दिसले नाही, ते लिहायला मात्र शिकवावे लागते. समजा, आपण बारा ओळखीच्या जीवांची ठरीव यादी केली : शेकाट्या, तुतवार, खंड्या, वंचक, कुरव, चित्रबलाक, निवटी, मोठ्या नांगीचा खेकडा, आणि असेच आणखी चार. प्रत्येक फेरीत या बाराही नावांपुढे आकडा यायलाच हवा. दिसला नाही तर शून्य. वहीत शून्य असेल, तर 'शोधला, पण दिसला नाही' असा अर्थ होतो. कोरी जागा असेल, तर काहीच अर्थ होत नाही. ईबर्डसारख्या संगणकीय नोंदवहीतही पक्षिनिरीक्षकाला नेमके हेच विचारतात, की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिले आहेत का? किती वेळ पाहिले? किती अंतर चाललात?

शून्यांचा आणि विरळ नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. जे जीव आपल्याला एकदाही दिसले नाहीत, त्यांचा अंदाज त्यांवरून करता येतो! हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण त्यामागील विचार सरळ आहे. आपल्या यादीतील बहुतेक जाती पुन्हापुन्हा दिसत असतील, तर न दिसलेल्या फारशा उरल्या नसाव्यात. उलट पुष्कळ जाती एकेकदाच दिसल्या असतील, तर अजून बऱ्याच हुकल्या असणार. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक सोपे सूत्र दिले. फक्त एकाच फेरीत दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करा. त्याला, नेमक्या दोन फेऱ्यांत दिसलेल्या जातींच्या दुपटीने भागा. न दिसलेल्या जाती किमान तेवढ्या.

समजा, वर्षभरात बारा फेऱ्या झाल्या आणि ३० जाती दिसल्या. त्यांपैकी ६ जाती एकेकदाच आणि ३ जाती दोनदा दिसल्या. ६ चा वर्ग ३६; ३ ची दुप्पट ६; भागाकार ६. म्हणजे एकूण जाती किमान ३६ च्या आसपास असाव्यात. आता दुसरे उदाहरण घ्या : दिसल्या ३० च, पण एकदाच दिसलेल्या २ आणि दोनदा दिसलेल्या ८. ४ भागिले १६ म्हणजे पाव. येथे शोध जवळजवळ पूर्ण झाला आहे. दोन्ही याद्यांत जाती ३० च, पण त्यांचा अर्थ किती निराळा!

अधिक म्हणजे चांगलेच का?

आता रोहित पक्ष्याकडे, म्हणजे फ्लेमिंगोकडे वळू. ज्याच्यामुळे अभयारण्याला नाव मिळाले, तो हा पक्षी. लहान रोहित डोके उलटे धरून चोचीतील गाळणीने पाण्यातील नीलहरित जीवाणू आणि सूक्ष्म शैवाल गाळून खातो. १९९० च्या दशकापासून शिवडी आणि ठाणे खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. अलीकडच्या काही हंगामांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत रोहितांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे.

मग खाडी सुधारली, असे म्हणायचे का? येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात, त्यांवर शैवाल वाढते आणि शैवालावर रोहित पोसतात, अशी साखळी अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. त्याच सांडपाण्याने पाण्यातील प्राणवायू घटला, तर संवेदनशील मासे आणि शिंपले कमी होतात. थोड्या प्राणवायूवर तगणारे कृमी मात्र फोफावतात. म्हणजे एका गटाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांचे कारण एकच असू शकते. फक्त रोहित मोजणाऱ्याला खाडी बहरलेली दिसेल, फक्त शिंपले मोजणाऱ्याला ती आजारी दिसेल. म्हणूनच झाडे, गाळातील जीव, मासे आणि पक्षी यांची मोजणी एकाच जागी, एकाच काळात व्हायला हवी.

सीमेबाहेरचा काठ

अभयारण्याची हद्द कागदावर असते, ती पक्ष्यांना ठाऊक नसते. भरतीला चिखल बुडाला, की रोहित नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जाऊन थांबतात. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही रोहितांना माग काढणारी यंत्रे बसवली, तेव्हा त्यांतील काही पक्षी गुजरातपर्यंत गेल्याचे कळले.

कोपरीचा काठ ऐरोली पुलाच्या उत्तरेस, म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेर येतो. पण पाणी तेच आहे. येथील झाडांची कुजलेली पाने, येथील माशांची पिल्ले आणि येथील सांडपाणीही ओहोटीबरोबर खाली अभयारण्याकडे जाते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण हद्दीबाहेरही आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरील घाला मानला आणि खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखण्यास सांगितले.

तरी कायदा पुरावा मागतो. उद्या एखाद्या काठावर रस्ता, पूल किंवा भराव यायचा झाला, तर पहिला प्रश्न असतो : येथे काय आहे? ज्या काठाची नोंदच कोणी ठेवलेली नाही, त्याच्यापुढे 'विशेष काही नाही' असे लिहिले जाण्याचा धोका असतो. 'पाहिले नाही' याचे रूपांतर 'नाही'मध्ये होते. आणि एकदा भराव पडला, की तेथे आधी काय होते हे सांगणे कोणालाच शक्य नसते.

शाळेसाठी एक आराखडा

बांधावरील किंवा घाटावरील एकच सुरक्षित जागा निवडा. महिन्यातून एकदा, तृतीया-चतुर्थीच्या सुमारास, ओहोटीला एक तास निरीक्षण करा. वहीत दर वेळी तारीख, तिथी, सुरुवातीची व शेवटची वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, हवामान आणि निरीक्षकांची संख्या लिहा. मग ठरीव बारा नावे, शून्यांसह. नवे काही दिसले तर छायाचित्र आणि वर्णन. नाव ठाऊक नसेल तर 'अनोळखी क्रमांक १' असे लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरे. कोळीवाड्यातील जाणत्या माणसांना भेटून त्यांची नावे जशीच्या तशी टिपून घ्या. पूर्वी काय मिळत असे आणि ते कोणत्या महिन्यात, हेही विचारा. जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणना आणि फेब्रुवारीतील पक्षिगणना यांत आपल्या नोंदी देता येतात.

काही पथ्ये पाळावीत. चिखलात आणि पाण्यात उतरू नये. भरती चढू लागली, की मुलांना मागे घ्यावे. जीव गोळा करू नयेत, परतल्यावर साबणाने हात धुवावेत. अभयारण्याच्या हद्दीत जायचे असेल, तर वनखात्याची परवानगी घ्यावी.

एका वर्षाची वही म्हणजे बारा पाने. त्यातून फारसा निष्कर्ष निघणार नाही आणि मुलांना तसे आधीच सांगावे. पण हीच वही पुढच्या इयत्तेकडे सोपवली, तिच्याकडून पुढच्या इयत्तेकडे गेली, तर दहा वर्षांनी एका काठाच्या १२० नोंदी जमतील, सगळ्या एकाच पद्धतीने घेतलेल्या. "इथे किती जीव राहतात?" या प्रश्नाला तेव्हाही अखेरचे उत्तर मिळणार नाही. मात्र "पूर्वी इथे काय होते?" असे कोणी विचारले, तर दाखवायला वही असेल.